विळ्याच्या पात्यापासून पोटेन्शिओस्टॅटपर्यंत: प्रकाश आणि वीज एकत्र वापरून द्रावणातली रसायनं ओळखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरज भागातली एम.एस्सी.ची मुलं, पाणी-माती तपासणारे लहान लॅबवाले आणि तासगाव-पलूसकडचे बागायतदार या विषयावर मला जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे थोडक्यात सांगितलं की गैरसमजच जास्त होतो.

ही पद्धत म्हणजे नेमकं काय?

माझ्या तासगावच्या मामांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर दावण्या हा बुरशीरोग येऊ नये म्हणून बोर्डो मारायचं ठरलं, की मामा टाकीत १ किलो मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट), १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी असा हिशोब धरतात. पण पंप सुरू करण्याआधी ते घासून चकचकीत केलेला विळा मिश्रणात बुडवतात, थोडा वेळ धरतात आणि उन्हात तिरका करून बघतात. पात्यावर तांबूस लेप दिसला तर म्हणतात, "चुना कमी पडलाय, अजून निवळी ओत." पातं स्वच्छ निघालं तरच फवारणी. नाहीतर मोकळं तांबं कोवळी पानं जाळतं.

त्या पात्यावर दोन गोष्टी घडतात. लोखंड इलेक्ट्रॉन सोडून द्रावणात उतरतं आणि द्रावणातलं तांबं ते इलेक्ट्रॉन घेऊन पात्यावर बसतं. ही झाली विद्युत-रासायनिक क्रिया, आणि तिच्यामागचा जोर प्रमाण स्थितीत सुमारे ०.७८ व्होल्टचा. ती घडली हे कळतं मात्र डोळ्याने, रंगावरून. म्हणजे विजेने क्रिया घडवायची आणि प्रकाशाने ती पाहायची. प्रयोगशाळेत आपण विळ्याच्या जागी इलेक्ट्रोड, म्हणजे विजेला जोडलेली पट्टी किंवा तार, ठेवतो, डोळ्याच्या जागी स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे कोणत्या रंगाचा प्रकाश किती आला हे मोजणारं यंत्र. फरक एवढाच की लोखंडाचा जोर ठरलेला असतो, इलेक्ट्रोडवरचा जोर, म्हणजे पोटेन्शियल, आपल्याला हवा तसा कमी-जास्त करता येतो. शास्त्रीय भाषेत याला स्पेक्ट्रोइलेक्ट्रोकेमिस्ट्री म्हणतात.

दोन तपासण्या वेगवेगळ्या करून निकाल शेजारी ठेवले तर चालणार नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि खरं मर्म इथेच आहे.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघितला असेल, तर खरेदीदार हळकुंड हातात घेऊन मोडतो हे आठवेल. मोडताना खणखणीत आवाज आला म्हणजे माल वाळलेला, आणि त्याच क्षणी आतला गाभा दिसतो म्हणून रंगही कळतो. आवाज एका हळकुंडाचा आणि रंग दुसऱ्याचा घेतला, तर दोन्ही माहिती खऱ्या असूनही त्या एकाच मालाबद्दल आहेत असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

द्रावणाचंही तसंच. नुसता करंट मोजला तर इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण किती झाली ते कळतं, कोणी केली ते कळत नाही. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, इलेक्ट्रोडवर साचणारा भार, दुसरं एखादं संयुग, सगळ्यांचा करंट एकाच तारेतून येतो. नुसता रंग मोजला तर पिवळ्यात पिवळं लपून जातं. पण पोटेन्शियल बदलता बदलता त्याच क्षणी रंग मोजला, की वेगळाच प्रश्न विचारता येतो: कोणत्या व्होल्टला कोणता रंग बदलला? या जोडीत बसणारी संयुगं फार थोडी असतात.

एम.एस्सी.च्या मुलांसाठी अजून एक मुद्दा. इलेक्ट्रोडवर भार साचल्यामुळे जो करंट येतो, त्याला रंग नसतो. म्हणून शोषण, म्हणजे द्रावण किती प्रकाश गिळतं ते, पोटेन्शियलबरोबर किती वेगाने बदलतं याचा आलेख काढला, तर नेहमीच्या व्होल्टामोग्रामसारखाच (पोटेन्शियलनुसार करंटच्या आलेखासारखाच) दिसणारा, पण साचलेल्या भाराचा भाग गळून पडलेला आलेख मिळतो. मला आजही तो आलेख पहिल्यांदा पडद्यावर उमटताना बघायला आवडतं.

एखादं साधं उदाहरण द्याल का?

पोटॅशियम फेरोसायनाइड. याचं पातळ द्रावण जवळपास रंगहीन असतं. त्याच्याकडून एक इलेक्ट्रॉन काढून घेतला की फेरिसायनाइड होतं आणि ते पिवळं असतं. त्याचं शोषण ४२० नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात जास्त.

सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोडच्या (ज्याचं स्वतःचं पोटेन्शियल स्थिर असतं त्याच्या) तुलनेत शून्य व्होल्टपासून सुरुवात करा आणि हळूहळू वर जा. पाव व्होल्टच्या आसपास पोचलात की पिवळेपणा भरायला लागतो. थोडं पुढे गेलात की पूर्ण पिवळं. परत खाली या, रंग उतरतो. भिंगातून पाहिलं तर इलेक्ट्रोडला लागूनच्या पातळ थरात आधी पिवळं धुकं दिसतं आणि मग ते बाहेर सरकतं.

प्रत्येक पायरीवर थांबून शोषण मोजलं, की किती भाग पिवळा झाला आणि किती उरला याचं गुणोत्तर निघतं. हे गुणोत्तर आणि पोटेन्शियल यांचं नातं सांगणाऱ्या नर्न्स्टच्या समीकरणाप्रमाणे एका इलेक्ट्रॉनच्या क्रियेत २५ अंश सेल्सिअसला हे गुणोत्तर दसपट व्हायला ५९ मिलिव्होल्ट लागतात. दोन इलेक्ट्रॉन असतील तर त्याच्या निम्मे. म्हणजे रंग मोजून इलेक्ट्रॉन मोजता येतात. पुस्तकात वाचलेलं नर्न्स्टचं समीकरण डोळ्यासमोर पिवळं होताना बघितलेला विद्यार्थी ते विसरत नाही, हा माझा अनुभव आहे.

इलेक्ट्रोड धातूचा असतो, मग त्यातून प्रकाश कसा जातो?

काचेवर टिन ऑक्साइडचा किंवा इंडियम टिन ऑक्साइडचा अगदी पातळ थर दिलेला असतो. तो वीज वाहून नेतो आणि दृश्य प्रकाश जाऊ देतो. तुमच्या मोबाइलच्या टचस्क्रीनमध्ये हाच प्रकार वापरतात. थिओडोर कुवाना यांनी १९६४ मध्ये टिन ऑक्साइडच्या अशा काचेवर ऑर्थो-टॉलिडिनचं ऑक्सिडेशन घडवून त्याच वेळी रंग मोजून दाखवला. तिथून हा विषय उभा राहिला. नुसती वीज वापरणारी पोलरोग्राफी त्याच्या बरीच आधीची, यारोस्लाव हेरोव्हस्की यांची १९२२ ची, आणि त्यासाठी त्यांना १९५९ चं नोबेल मिळालं.

दुसरा मार्ग म्हणजे सोन्याची किंवा प्लॅटिनमची बारीक जाळी. प्रकाश भोकांतून जातो. अतिनील पट्ट्यात मोजायचं असेल तर काच चालत नाही, क्वार्ट्झ लागतं.

एक सावधगिरी: इंडियम टिन ऑक्साइडला आम्ल द्रावणात फार ऋण पोटेन्शियल दिलं तर थर काळपट पडतो, कारण त्यातलं इंडियम धातुरूपात येतं. तो परत पहिल्यासारखा होत नाही.

सेल, म्हणजे द्रावण आणि इलेक्ट्रोड ठेवायची पेटी, इतका चपटा का करतात? एक सेंटीमीटरची क्युवेट, म्हणजे प्रकाश मोजायची नेहमीची चौकोनी नळी, का नाही?

इलेक्ट्रोडवर जे घडतं ते इलेक्ट्रोडला चिकटलेल्या थरातच घडतं. बाकीचं द्रावण तिथवर पोचायला लागतं ते विसरणाने, म्हणजे डिफ्युजनने. न ढवळता एक सेंटीमीटर अंतर पार व्हायला दिवसाहून जास्त वेळ जाईल. ०.२ मिलिमीटरच्या चपट्या सेलमध्ये तेच काम एखाद-दोन मिनिटांत होतं.

याची किंमत शोषणात मोजावी लागते. २ मिलिमोलर फेरिसायनाइड एक सेंटीमीटरच्या क्युवेटमध्ये ४२० नॅनोमीटरला सुमारे २ इतकं शोषण देतं. ०.२ मिलिमीटरच्या सेलमध्ये तेच ०.०४ होतं. म्हणून दिवा किमान अर्धा तास आधी लावून स्थिर होऊ द्यायचा आणि बेसलाइन, म्हणजे काही बदल करण्याआधीची रेषा, सपाट आल्याशिवाय पुढे जायचं नाही. पी हळद हो गोरी असं इथे करून चालत नाही. मुलं पोटेन्शियल झरझर बदलतात, आतलं द्रावण अजून अर्धंच बदललेलं असतं आणि मग नर्न्स्टचा उतार ५९ ऐवजी भलताच येतो. प्रत्येक पायरीवर शोषण स्थिर होईपर्यंत थांबा.

कृष्णेचं पावसाळ्यातलं गढूळ पाणी यात चालेल का?

गाळून घेतलंत तर उत्तमच. पण थोडा रंग, थोडा गढूळपणा राहिला तरी ही पद्धत हार मानत नाही.

एक युक्ती अशी: पोटेन्शियल दोन आकड्यांमध्ये ठरावीक तालावर वर-खाली करायचं. आपल्याला हवं ते संयुग त्या तालावर रंग बदलतं. मातीचा, पालापाचोळ्याचा रंग तसाच राहतो. मग यंत्राला फक्त त्या तालावर हलणारा भाग उचलायला सांगायचं. आयर्विन पुलावरून रात्री पलीकडच्या काठावर शंभर दिवे दिसत असले, तरी लुकलुकणारा एकच असेल तर तो शोधावा लागत नाही, तसंच हे.

दुसरी युक्ती अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात विल्यम हाइनमन यांच्या गटाने १९९० च्या दशकात विकसित केली, आणि मला ती फार सुंदर वाटते. पारदर्शक इलेक्ट्रोडवर आयन निवडून घेणारी पातळ फिल्म चढवायची. उदाहरणार्थ नॅफिऑनची, जी धनभारित आयन ओढून घेते आणि ऋणभारित दूर ठेवते. प्रकाश पाण्यातून पाठवायचाच नाही. तो काचेच्या आतल्या आत उड्या मारत जातो आणि प्रत्येक उडीला पृष्ठभागाबाहेर काहीशे नॅनोमीटरच डोकावतो, म्हणजे फिल्ममध्येच. अशी तीन दारं झाली: फिल्मने आत घ्यायला हवं, दिलेल्या पोटेन्शियलला बदलायला हवं, आणि ठरलेल्या तरंगलांबीला शोषायला हवं. तिन्ही दारांतून जाणारा परका क्वचितच भेटतो. शिवाय फिल्ममध्ये आयन साठत जातात, त्यामुळे पाण्यात थोडे असले तरी दिसतात.

हळदीतली भेसळ याने कळते का?

सांगलीत हा प्रश्न येणारच. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरची पेवं तर किती पिढ्यांची. त्यामुळे या प्रश्नाकडे मी नुसतं प्रॅक्टिकल म्हणून बघू शकत नाही.

भेसळीचे दोन प्रकार वेगळे धरा.

मेटानिल यलो हा कृत्रिम रंग आहे. तो आणि हळदीतलं कर्क्युमिन, दोघांचंही शोषण साधारण ४२० ते ४४० नॅनोमीटरच्या पट्ट्यात येतं, म्हणून नुसत्या रंगावर भरवसा ठेवणं कठीण. पण मेटानिल यलो हा अॅझो रंग आहे. त्यातल्या दोन नायट्रोजनमधल्या बंधाला ऋण पोटेन्शियलवर इलेक्ट्रॉन दिले की तो बंध तुटतो आणि रंग जातो. कर्क्युमिनमध्ये असा बंधच नाही. शुद्ध हळदीचा अर्क आणि संशयित अर्क, दोन्ही एकाच पोटेन्शियल-प्रवासातून न्यायचे आणि पिवळेपणा कुठे उतरतो ते ताडून पाहायचं. घरगुती आम्लाची परीक्षा तुम्हाला माहीत असेल: आम्ल टाकल्यावर आलेला गुलाबी रंग पाणी घालूनही टिकला तर मेटानिल यलोचा संशय. ती चाचणी हो किंवा नाही सांगते. किती, हे सांगायला आकडा लागतो.

लेड क्रोमेट हा जास्त घातक प्रकार, कारण त्यात शिसं असतं आणि लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो. हे पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे हळद पाण्यात कालवून काही दिसणार नाही. आधी नायट्रिक आम्लात पचवावी लागते. मग इलेक्ट्रोडवर ऋण पोटेन्शियलला शिसं साठवायचं आणि पोटेन्शियल वर नेत ते परत उतरवायचं. साधारण उणे अर्ध्या व्होल्टच्या जवळ शिशाचं टोक येतं. या पद्धतीला स्ट्रिपिंग म्हणतात. इथे मुख्य काम वीज करते. प्रकाशाने क्रोमेटची बाजू तपासली की शिसं दुसरीकडून आलं की या रंगातूनच, याचा धागा मिळतो.

तणनाशकाचा अंश पाण्यात आहे का, हे पाहता येतं का?

पॅराक्वाटच्या बाबतीत तर ही पद्धत जणू त्याच्यासाठीच बनली आहे. पॅराक्वाट म्हणजे रसायनशास्त्रातलं मिथाइल व्हायोलोजेन. पाण्यात ते रंगहीन असतं. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेत उणे ०.७ व्होल्टच्या सुमारास ते एक इलेक्ट्रॉन घेतं आणि गडद निळं होतं. शोषणाची दोन टोकं दिसतात, एक ३९६ नॅनोमीटरच्या जवळ आणि दुसरं ६०५ च्या जवळ. पॅराक्वाट विषबाधेच्या संशयात रुग्णालयात लघवीत सोडियम डायथायोनाइट आणि अल्कली घालून निळा रंग येतो का ते पाहतात. ती हीच क्रिया, फक्त इलेक्ट्रॉन विजेऐवजी रसायन देतं.

मात्र हा निळा रंग ऑक्सिजनला टिकत नाही. त्यामुळे आधी दहा-पंधरा मिनिटं नायट्रोजन सोडून पाण्यातला ऑक्सिजन काढावा लागतो.

इथे माझी एक चूक सांगतो. एका विहिरीच्या पाण्यात मला ६०५ नॅनोमीटरला शोषण वाढताना दिसलं. मी उणे १.३ व्होल्टपर्यंत गेलो होतो. विहिरीच्या मालकांना फोन लावायला हात उचललाही होता. तेवढ्यात माझ्या विद्यार्थिनीने विचारलं, "सर, ७०० ला पण वाढतंय, ५०० ला पण. ३९६ चं टोक कुठंय?" मी वाकून सेलकडे पाहिलं. इलेक्ट्रोडवर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे, मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान, ओळीने चिकटले होते. प्रकाश ते विखरत होते. शून्य व्होल्टला परत आणलं तरी 'शोषण' उतरलं नाही. खरा निळा रंग असता तर उतरला असता. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे: एका तरंगलांबीवर निष्कर्ष नाही, आणि परतीचा प्रवास केल्याशिवाय नोंद नाही. तो फोन गेला असता तर एका कुटुंबाने आपलं पाणी उगाच टाकून दिलं असतं.

मर्यादाही स्पष्ट सांगतो. थेट मोजणीत मायक्रोमोलरच्या आसपासची पातळी गाठता येते. १ मायक्रोमोलर पॅराक्वाट डायक्लोराइड म्हणजे लिटरला सुमारे ०.२६ मिलिग्रॅम. युरोपात पिण्याच्या पाण्यात कुठल्याही एका कीटकनाशक-तणनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे अडीच हजार पटींहूनही खाली. तिथवर जायला आधी नमुना दाट करावा लागतो. सांडलेलं औषध, पंप धुतलेलं पाणी, संशयित बाटली यांच्यासाठी थेट पद्धत पुरते.

आणि कोणाच्या पोटात पॅराक्वाट गेल्याचा नुसता संशय असला, तरी तपासणीची वाट पाहू नका. तडक रुग्णालय गाठा. याला उतारा नाही, तासांनाच महत्त्व आहे.

बागेतलं मोरचूद विहिरीत उतरलंय का?

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. इतक्या कमी तांब्याचा निळा रंग डोळ्याला दिसत नाही. म्हणून द्रावणात तांब्याला धरून रंग देणारं निओकुप्रोइन घालतात आणि इलेक्ट्रोडवर तांब्याला एक इलेक्ट्रॉन देतात. तयार होणारं संयुग नारिंगी असतं, ४५४ नॅनोमीटरला शोषतं. स्ट्रिपिंगने तांब्याचं वेगळं टोक मिळतं. दोन्ही आकडे जुळले तर मी निश्चिंत असतो. जुळले नाहीत तर बहुतेकदा तांबं सेंद्रिय पदार्थांना धरून बसलेलं असतं, आणि नमुना आम्लात उकळून पुन्हा मोजावा लागतो.

प्रकाश फक्त शोषूनच मोजतात का?

नाही. थायरॉइडची तपासणी केली असेल तर रिपोर्टच्या कोपऱ्यात पद्धतीच्या रकान्यात 'ईसीएलआयए' ही अक्षरं शोधा. तिथे दिवा लागतच नाही. रुथेनियमचं संयुग आणि ट्रायप्रोपिलअमाइन यांना इलेक्ट्रोडवर पोटेन्शियल दिलं की संयुग स्वतःच नारिंगी-लाल प्रकाश सोडतं, सुमारे ६२० नॅनोमीटरचा. बाहेरचा दिवा नसल्याने पार्श्वभूमी काळोखी राहते आणि अगदी थोडं संप्रेरकही मोजता येतं. म्हणजे ही जोडी आपल्यापैकी अनेकांच्या फायलीत आधीच आहे.

विखुरलेल्या प्रकाशावरून रेणू ओळखणाऱ्या रामन पद्धतीचा इतिहासही याच घरातला. १९७४ मध्ये साउदॅम्प्टनला फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅकक्विलन यांनी चांदीचा इलेक्ट्रोड विजेने खरबरीत करून त्यावरच्या पिरिडिनचा रामन संकेत टिपला. तो अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा निघाला आणि त्यातून आजची पृष्ठभाग-वर्धित रामन पद्धत आली.

आमच्या कॉलेजात सुरुवात करायची तर काय लागेल?

पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडवर हवं ते पोटेन्शियल धरून करंट मोजणारं यंत्र), लहान फायबर स्पेक्ट्रोमीटर, इंडियम टिन ऑक्साइडच्या काचा, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोड आणि प्लॅटिनमची तार. पोटेन्शिओस्टॅटचं महागडं यंत्रच हवं असं नाही. २०११ मध्ये 'चीपस्टॅट' नावाचा खुला आराखडा प्रसिद्ध झाला, इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांच्या मदतीने तसं काही बनवता येतं. सेलसाठी दोन काचांमध्ये ०.२ मिलिमीटरचा टेफ्लॉनचा तुकडा पुरतो.

पोटॅशियम क्लोराइड विसरू नका. द्रावणात पुरेसं मीठ नसेल तर विजेला वाट मिळत नाही आणि टोकं सरकतात. आणि फेरोसायनाइडच्या द्रावणात आम्ल ओतू नका, विषारी वायू सुटू शकतो.

घरी करता येईल का?

विळ्याची परीक्षा, हो. बाकी नाही.

या निकालावर तक्रार दाखल करता येते का?

त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा रिपोर्ट लागतो. आमचा निकाल कुठे शोधायचं ते सांगतो.

नमुना कसा आणायचा?

स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि काठोकाठ भरा, वर हवा ठेवू नका. औषधाची रिकामी बाटली धुऊन आणू नका, कितीही धुतली तरी. धातू तपासायचे असतील तर वेगळी बाटली द्या, तिच्यात आम्ही नायट्रिक आम्ल घालतो. सावलीत, जमलं तर बर्फाच्या डब्यात, त्याच दिवशी पोचवा. बाटलीवर गाव, विहीर की बोअर, तारीख, वेळ आणि शेवटची फवारणी कधी व कशाची केली ते लिहा. ते शेवटचं लिहिलेलं असलं की कोणत्या व्होल्टपासून बघायला सुरुवात करायची ते आम्हाला लगेच कळतं.